पाच मशीन, एक प्रिंटर: कोर्टाच्या टायपिंग ऑफिसात कप्स

कोर्टाच्या कागदांचं टायपिंग, भाषांतर आणि प्रिंट काढून देणं हा आमचा व्यवसाय. ऑफिस भाऊसिंगजी रोडपासून दोन मिनिटांवर. १८ ऑगस्ट २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं काम कोल्हापुरात सुरू झालं आणि आमच्या दारातली गर्दीच बदलली. आधी करवीर, पन्हाळा, कागलचे पक्षकार यायचे. आता सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गाहून वकील सकाळच्या गाडीनं उतरतात, हातात पेनड्राइव्ह असतो आणि अकराच्या आत कागद हवे असतात. अशा वेळी प्रिंटर अडला तर वकीलसाहेबांचं काम अडतं, आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या पक्षकाराचंही.

आमच्याकडे दोन डेबियनची मशीन आहेत, एक लिनक्स मिंटचं (दोन्ही विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्स या प्रणालीचेच प्रकार), भाषांतर करणाऱ्या मॅडमचं मॅकबुक आहे आणि फाईली साठवायला कोपऱ्यात एक फ्रीबीएसडीचा डबा, म्हणजे लिनक्ससारख्याच पण वेगळ्या प्रणालीवरचं मशीन. विंडोज एकही नाही. या पाचही मशीनना एकाच लेसर प्रिंटरवर आणून ठेवतं ते कप्स, म्हणजे मशीनमधली पानं प्रिंटरकडे पोचवणारा प्रोग्रॅम. परीक्षण त्याचंच आहे. एक रुपया लागत नाही, आणि आमच्या ऑफिसात ज्या वस्तूंना पैसे मोजले त्यातल्या बऱ्याच वस्तूंपेक्षा ही जास्त भरवशाची निघाली. कोणत्याही टायपिंगवाल्याला, सीएला, शाळेच्या ऑफिसला मी ते बिनधास्त सुचवीन. फक्त प्रिंटर विकत घेताना दुकानात योग्य प्रश्न विचारायला हवा. निम्मं यश तिथंच ठरतं, म्हणून आधी त्याबद्दल.

आपल्याकडे दुकानात गेलं की गिऱ्हाईक विचारतं, "याचा लिनक्सचा ड्रायव्हर मिळतो का?" हा प्रश्न आता विचारू नका. विचारायचं ते असं: "यावर एअरप्रिंट आहे का? आयपीपी एव्हरीव्हेअर आहे का?" खोक्यावर नाहीतर मॉडेलच्या माहितीपत्रकात यांतलं एक नाव सापडलं आणि नेटवर्कची सोय असली, की ड्रायव्हरचा विषय संपला.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. पूर्वी प्रत्येक मॉडेलसाठी मशीनमध्ये एक वर्णनाची फाईल लागायची, पीपीडी. या प्रिंटरला किती ट्रे, कोणते कागद, दोन्ही बाजूंनी छापतो का, हे सगळं तिच्यात लिहिलेलं असायचं. शिवाय पानाचं रूपांतर प्रिंटरच्या भाषेत करणारा फिल्टर वेगळा. कंपनीनं तो बनवला तर ठीक, नाहीतर बसा. नव्या पद्धतीत हीच माहिती प्रिंटर स्वतः सांगतो. मशीन त्याला नेटवर्कवरून विचारतं, तो उत्तर देतो आणि मशीन त्याला कळणाऱ्या ठरलेल्या स्वरूपात पान पाठवतं. ॲपलनं २०१० मध्ये फोनसाठी एअरप्रिंट आणलं, २०१३ मध्ये आयपीपी एव्हरीव्हेअर हे सगळ्यांसाठीचं मानक आलं. दोन्हींचा पाया एकच, इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल, म्हणजेच आयपीपी. म्हणजे आयफोनवाल्यांसाठी कंपन्यांनी जी सोय केली तिचा फायदा आपल्या लिनक्सला आयता मिळाला.

आमच्या आधीच्या प्रिंटरला हे काही नव्हतं. त्याच्या कंपनीनं लिनक्ससाठी फिल्टर दिला होता, पण तो ३२ बिटचा, आणि आतलं काही कुणाला बघता येणार नाही असा बंद. मशीन ६४ बिटवर नेल्यावर पान जाईनाच. स्क्रीनवर "फिल्टर फेल्ड" एवढंच. यंत्र धडधाकट, टोनर भरलेला, आणि तरी उपयोग शून्य. कंपनीच्या सेवा केंद्राला फोन केला तर तिथून आलेला माणूस म्हणाला, "मॅडम, लिनक्सवर हे चालणार न्हाई. विंडोज टाकून देतो की." ज्या वस्तूचे पैसे आपण पूर्ण मोजलेत ती कशी वापरायची हे दुसऱ्या कुणी ठरवावं, याचा मला आजही राग येतो. तो प्रिंटर आम्ही काढून टाकला. नवा घेताना वरचा प्रश्न विचारला, आणि तेव्हापासून ड्रायव्हर हा शब्द ऑफिसात कुणी उच्चारलेला नाही.

कप्सचा इतिहास लहान आहे पण कामाचा आहे. मायकेल स्वीट यांनी १९९७ मध्ये ते लिहायला घेतलं, १९९९ मध्ये लोकांसमोर आलं. २००२ मध्ये ॲपलनं मॅकमध्ये घेतलं आणि २००७ मध्ये त्याचे हक्कच विकत घेतले. स्वीट पुढे ॲपलमधून बाहेर पडले, आणि २०२० पासून ओपनप्रिंटिंग या गटानं त्याची वेगळी शाखा चालवायला घेतली. आज लिनक्सवर येतं ते त्यांचं. त्यामुळे मॅडमच्या मॅकबुकवर आणि आमच्या डेबियनवर आत चालणारी वस्तू एकाच घराण्यातली आहे. एका मशीनवर शिकलेलं दुसऱ्यावर वाया जात नाही, आणि चार जणांच्या ऑफिसात ही गोष्ट मोठी आहे.

आता बसवणं. पहिलं काम प्रिंटरवर नाही, राऊटरवर. पावसाळ्यात आपल्याकडे लाईट जाते-येते, राऊटर बंद पडून पुन्हा उठतो आणि प्रिंटरला नवाच पत्ता देऊन मोकळा होतो. सगळी मशीन जुन्या पत्त्यावर पानं पाठवत बसतात, आणि पोरगं ओरडतं, "ताई, प्रिंटर गेला बघा!" प्रिंटर जागेवरच असतो. त्याच्या सेटिंगच्या पानावर मॅक ॲड्रेस (यंत्राचा नेटवर्कवरचा ओळखक्रमांक, ॲपलच्या मॅकशी संबंध नाही) छापून मिळतो. तो राऊटरमध्ये टाकून एक पत्ता कायमचा त्याच्या नावे राखून ठेवायचा. एवढं केलं की निम्म्या तक्रारी जन्मालाच येत नाहीत.

मग ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट (म्हणजे हेच मशीन), पोर्ट ६३१ (त्यातलं कप्सचं दार) उघडायचं. कप्सचं स्वतःचं पान येतं. मॅकवर हे पान मुळात बंद असतं, टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून, एकदा चालू करावं लागतं. ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये जाऊन प्रिंटर जोडायला सांगितलं की नाव-पासवर्ड मागतं. डेबियन आणि मिंटवर तुमचं खातं एलपीअ‍ॅडमिन गटात (प्रिंटर जोडायचा अधिकार असलेल्यांच्या) नसेल तर पासवर्ड बरोबर असूनही नकार येतो, ते आधी बघा. पुढे यादीत तुमचा प्रिंटर आपोआप दिसतो. तरी मी यादीतला न निवडता पत्ता हातानं भरते: सुरुवातीला आयपीपी, मग प्रिंटरचा पत्ता, मग "/आयपीपी/प्रिंट". मॉडेलच्या जागी आयपीपी एव्हरीव्हेअर. त्या क्षणी प्रिंटर चालू हवा, कारण कप्स त्याला तिथल्या तिथं विचारतं, तुला काय काय येतं. क्यूच्या, म्हणजे प्रिंटरकडे जाणाऱ्या कामांच्या रांगेच्या, नावात मोकळी जागा चालत नाही. झालं काम. चहा यायच्या आत होतं.

यादीतला का नाही? नव्या लिनक्सवर काही न करताही प्रिंटरचं नाव प्रिंटच्या खिडकीत दिसतं आणि पान निघतंसुद्धा. पण ती क्यू तात्पुरती असते. काम झालं की थोड्या वेळानं पुसली जाते, आणि तिच्यावर आपल्या कागदाच्या सवयी लादता येत नाहीत. घरी महिन्यातून दोन पानं काढणाऱ्याला ती उत्तम. ऑफिसला कायमचीच क्यू हवी.

जोडताना आणखी दोन वाटा दिसतील. पोर्ट ९१०० ची थेट वाट, आणि पोर्ट ५१५ ची एलपीडी ही जुनी छपाईपद्धत, जिचं लेखी वर्णन १९९० चं आहे. दोन्ही चालतात, जुन्या प्रिंटरला त्याच लागतात. पण ९१०० वर पानं नुसती ओतली जातात. पलीकडे कागद संपला की झाकण उघडं राहिलं, याचा मशीनला धड पत्ता नसतो. आयपीपीवर प्रिंटर बोलतो. ट्रे रिकामा झाला की सगळ्यांना बसल्या जागी कळतं. आमचा प्रिंटर माळ्याच्या जिन्याखाली आहे, त्यामुळे या बोलण्याची किंमत आम्हाला विचारा.

यापुढचा भाग टायपिंगवाल्यांनी लक्ष देऊन वाचावा. कागदाचं माप.

दुकानात लीगल मागितला की आपल्याला जो रिम मिळतो त्यावर २१५ बाय ३४५ मिलिमीटर छापलेलं असतं. मशीनच्या यादीत लीगल म्हणून जे माप असतं ते अमेरिकेचं, २१६ बाय ३५६. रुंदी जवळपास तीच, लांबीत ११ मिलिमीटरचा फरक. प्रोग्रॅम समजतो पान लांब आहे, म्हणून तळाच्या ओळी खाली सरकवतो, आणि त्या कागदाच्या कडेवर जातात किंवा कापल्या जातात. प्रतिज्ञापत्रात तळाशी असतं काय? सही, ओळख पटवणाऱ्या वकिलांचं नाव, नोटरीच्या शिक्क्याची जागा. नेमकी तीच गोष्ट जाते. काही प्रिंटर तर ट्रेमधला कागद मागितलेल्या मापाशी जुळत नाही म्हणून पान काढायचंच नाकारतात आणि दिवा लुकलुकवत बसतात.

इथं कप्सनं मला खरोखर जिंकलं. माप आकड्यात देता येतं: "कस्टम", मग टिंब, मग २१५ बाय ३४५ मिलिमीटर. आणि एकाच प्रिंटरवर हव्या तितक्या क्यू करता येतात. आमच्याकडे त्याच एका यंत्राच्या दोन क्यू आहेत. एक ए-फोर, पहिला ट्रे, दोन्ही बाजूंनी. दुसरी लीगल, हातानं कागद घालायचा ट्रे, एका बाजूनं, आणि माप आपल्या रिमचं. प्रत्येक क्यूच्या सवयी रूट म्हणून, म्हणजे मशीनच्या मुख्य अधिकाराच्या खात्यातून, एकदा ठरवल्या की त्या मशीनवर बसणाऱ्या सगळ्यांना लागू होतात. पोरांना ट्रे, माप, बाजू यांतलं काही लक्षात ठेवावं लागत नाही. कामाप्रमाणे नाव निवडायचं आणि पाठवायचं. लिबरऑफिसमधल्या नमुना फाईलमध्येही पानाचं माप तेच ठेवलंय, नाहीतर प्रोग्रॅम एक म्हणतो आणि क्यू दुसरं. नवीन मशीनवर अमेरिकन लेटर हे मूळ माप होऊन बसलंय का, तेही बघून घ्या. ए-फोरपेक्षा ते रुंद आणि आखूड, त्यामुळे मार्जिन विचित्र दिसतं आणि कारण सापडत नाही.

मराठीबद्दल. पीडीएफ करून पाठवलेला मराठी मजकूर कप्समधून जसाच्या तसा निघतो, कारण फॉन्ट फाईलच्या आतच बसलेला असतो आणि अक्षरांची जुळणी आधीच झालेली असते. लिनक्सवर प्रोग्रॅममधून दिलेलं काम आतून बहुतेक पीडीएफ म्हणूनच जातं, त्यामुळे लिबरऑफिसमधून थेट छापलं तरी "द्ध", "ऱ्या", "क्ष" शाबूत. साधी मजकुराची फाईल टर्मिनलमधून सरळ पाठवली तर मात्र आमच्याकडे जोडाक्षरं सुटून, वेलांट्या भलतीकडे जाऊन आली. मराठी कागदाला पीडीएफशिवाय हात लावायचा नाही, हा ऑफिसचा नियम आहे. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाईल कुणी आणली तर ती त्यांच्याच मशीनवर पीडीएफ करून आणायला सांगतो.

फ्रीबीएसडीच्या डब्यानं थोडा वेळ घेतला. त्या प्रणालीत एलपीडीची स्वतःची जुनी व्यवस्था मुळातच असते आणि छापायच्या आज्ञांची नावंही तीच. कप्स पॅकेजमधून बसवलं की त्याच्या आज्ञा वेगळ्या फोल्डरात, लोकलखाली जातात. मग तुम्ही "एलपीआर" ही छापायची आज्ञा देता आणि धावतो जुना. पाथमध्ये, म्हणजे मशीन आज्ञा ज्या क्रमानं शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत, लोकलचं फोल्डर पुढे घेतलं की प्रश्न मिटतो. प्रिंटरला नावानं हाक मारायची तर तिथं आणखी एक पॅकेज लागतं. आम्ही पत्ता राखून ठेवला असल्यानं त्याची गरज पडली नाही.

वकिलांच्या कामात गोपनीयता हा शब्द नुसता पाटीवर लिहून भागत नाही. कप्स छापून झालेल्या कामाची फाईल मूळ सेटिंगनुसार एक दिवस स्वतःकडे ठेवतं, पुन्हा छापता यावी म्हणून. सोय चांगली आहे, पण घटस्फोटाच्या दाव्याची प्रत मशीनवर पडून राहावी असं कुणालाच वाटणार नाही. "प्रिझर्व्हजॉबफाइल्स" ही ओळ सेटिंगच्या फाईलमध्ये "नो" करायची. आम्ही सगळ्या मशीनवर केली आहे. टायपिंगचं काम करणाऱ्या प्रत्येकानं हे आजच्या आज करावं.

याच्या उलट एक नोंद मुद्दाम चालू केली, ती पेजलॉगची, म्हणजे छापलेल्या पानांची. नव्या आवृत्त्यांत ती मुळात बंद असते. तिचा नमुना लिहून दिला की कुणी, कोणतं काम, कोणत्या वेळी, किती पानं, हे ओळीनं उतरत जातं. आम्ही कामाच्या नावात पक्षकाराचं नाव न घालता खातेनंबर घालतो. महिनाअखेरीला वकिलांच्या खात्याचा हिशेब यावरून निघतो आणि "एवढी पानं कुठली झाली ताई?" हा वाद उरलेला नाही. कागद दाखवला की साहेब पैसे देतात.

सुरक्षेचा एक मुद्दा. सप्टेंबर २०२४ मध्ये कप्सच्या सोबत येणाऱ्या कप्स-ब्राउज्ड या जोडप्रोग्रॅममधली गंभीर भोकं बाहेर आली. पोर्ट ६३१ वर येणाऱ्या कुणाच्याही हाकेला तो ओ द्यायचा, आणि त्या वाटेनं खोटा प्रिंटर घुसवून मशीनवर ताबा मिळवता येत होता. दुरुस्त्या लगेच आल्या. आपली क्यू हातानं कायमची केली असेल तर त्या जोडप्रोग्रॅमची गरजच नाही. आम्ही तो बंद केला आणि काही अडलं नाही. प्रिंटर आणि हे पोर्ट राऊटरच्या आतच राहू द्या, बाहेरच्या इंटरनेटला उघडं करू नका.

आता तक्रारी, कारण त्या आहेत. पहिली आणि मोठी: कागद अडकला किंवा जोडणी तुटली की आमच्या मशीनवर क्यू स्वतःच थांबायची, आणि कागद काढला, प्रिंटर पुन्हा सुरू केला, तरी थांबलेलीच राहायची. पोरांना वाटायचं यंत्र बिघडलं. "गेला न्हाई रे, क्यू थांबलीय, रिझ्यूम कर," असं मी सांगायचे, पण त्यासाठीही अधिकाराचा पासवर्ड लागतो. यावर तोड आहे. चूक झाली की काय करायचं याचं धोरण प्रत्येक क्यूला देता येतं, ते "स्टॉप-प्रिंटर" वरून "रिट्राय-जॉब" वर आणलं की क्यू थोड्या वेळानं आपणच पुन्हा प्रयत्न करते. ऑफिससाठी हेच धोरण शहाणपणाचं आहे, आणि ते शोधायला सामान्य माणसाला इतकं खोल जावं लागू नये.

दुसरी तक्रार संदेशांची. स्क्रीनवर जे येतं त्यातून कारण कळत नाही. खरं कारण एररलॉगमध्ये, म्हणजे चुकांच्या नोंदीच्या फाईलमध्ये, असतं, आणि तेही डीबगची म्हणजे बारीकसारीक नोंद चालू केल्यावर. ती चालू करायला वेबपानावर एक खूण करायची असते. करा, चूक पुन्हा घडवा, नोंद वाचा आणि खूण काढून टाका, नाहीतर फाईल फुगत जाते. नोंद स्वच्छ असते, एवढं श्रेय देते. वाचता आली की कारण सापडतंच. पण कप्सचं पान मराठीत नाही. माझ्या ऑफिसातल्या मुलींचं मराठी आणि कायद्याचं ज्ञान उत्तम आहे, इंग्रजी तांत्रिक वाक्यांपुढे त्या थबकतात. ज्यांना भाषांतराची हौस आहे त्यांनी इथं हात लावावा, मी स्वतः मदत करायला तयार आहे.

जुलै-ऑगस्टमध्ये पान दोन्ही बाजूंनी काढताना अडकायला लागलं तर सॉफ्टवेअर तपासत बसू नका. हवेतला ओलावा कागदात जातो, पहिली बाजू तापून निघाली की पान वळतं आणि परतताना अडकतं. रिम प्लास्टिकमध्ये बंद ठेवायचा, लागेल तेवढाच ट्रेमध्ये.

शेवटी जुन्या यंत्रांबद्दल, कारण लक्ष्मीपुरीतल्या व्यापाऱ्यांकडून याबद्दलच सर्वात जास्त विचारणा होते. पावत्यांच्या कार्बन कॉपीसाठी आमच्याकडेही एक डॉट मॅट्रिक्स आहे. कप्समध्ये ९ आणि २४ पिनांच्या यंत्रांसाठी साधे ड्रायव्हर येतात, त्यावर ते चालतं. मराठी चित्रासारखं छापलं जातं, म्हणून हळू, पण नीट येतं. मात्र कप्सच्या पुढच्या मोठ्या आवृत्तीत, ३.० मध्ये, पीपीडीची जुनी पद्धत काढून टाकायची ठरली आहे. तेव्हा अशा यंत्रांसाठी प्रिंटर ॲप्लिकेशन नावाचा छोटा प्रोग्रॅम मध्ये बसवावा लागेल, जो जुन्या यंत्राला नव्या आयपीपी प्रिंटरसारखं वागायला लावतो. गुटेनप्रिंट या प्रिंटर-ड्रायव्हरांच्या मोफत संचाचं असं ॲप्लिकेशन आजही मिळतं. जुना प्रिंटर चांगला चालत असेल तर भंगारात घालू नका. एका मशीनवर हे आत्ताच बसवून बघा, म्हणजे अपडेट आल्यावर गिऱ्हाईक समोर उभं असताना धावपळ होणार नाही.